पितळी वाद्यांची डागडुजी

मंडळी, लग्नाची वरात दारावरून गेली म्हणजे आपण नवरदेव पाहतो, घोडा पाहतो, पुढे नाचणारी पोरे पाहतो. वाजविणाऱ्यांच्या हातातील वाद्यांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. पुढच्या वेळी जरा निरखून पाहा. एखाद्या ट्रंपेटच्या नळीला सायकलची ट्यूब कापून गुंडाळलेली दिसेल. ट्रॉम्बोनचा भोंगा कडेने दुमडलेला असेल. युफोनियमच्या पोटाला एवढा मोठा पोचा असेल की त्यात वाटीभर पाणी राहावे. आणि तरीही तो वाजविणारा गाल फुगवून वाजवीतच असतो. त्याचा सूर कधी हलला तर आपण म्हणतो, बँड भिकार आहे. सूर त्याचा हलतो की वाद्याचा, हे कोणी विचारीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे प्राध्यापक महाशय अर्थशास्त्र शिकवितात, यांना या भोंग्यांशी काय करावयाचे आहे? त्याचे कारण सांगतो. माझे गाव सोनाळा. बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला ते वसले आहे. संत सोनाजी महाराजांचे गाव म्हणून पुष्कळांना ते ठाऊक असेल. गावाच्या पाठीशी अंबाबरव्याचे जंगल आहे. काही वर्षांपूर्वी सुटीत मी घरी गेलो असता आमच्या ओळखीचा एक बँडवाला गडी फडक्यात काही तरी बांधून घेऊन आला. फडके सोडले तो आत युफोनियम. वरातीहून परतताना टेंपोतून ते खाली पडले होते आणि मागचे चाक भोंग्याच्या कडेवरून गेले होते.

"सर, आवाज निंगत नाही जी. हवा जाते कुठंतरी," तो म्हणाला. "मालक म्हणते, तुयाच मजुरीतून पैसे कापतो."

मुळात पोचा एकच होता, पण गावातल्या एका भांडी सांधणाऱ्याने तो ठोकून काढण्याच्या नादात जाळ एवढा लावला होता की शेजारचे तीन सांधे सुटले. म्हणजे दुखणे एक आणि औषधाने झालेली तीन! तुळशीचे लग्न तोंडावर आले होते, बँडमालकाने दोन सुपाऱ्या घेऊन ठेवल्या होत्या, आणि या गड्याजवळ दुसरे वाद्य नव्हते. ते युफोनियम घेऊन आम्ही दोघे एका जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तेथे मी दोन दिवस बसून राहिलो, आणि त्यानंतरही कित्येकदा गेलो. जे पाहिले, विचारले आणि मग पुस्तकांतून पडताळून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी शिक्षक असतील त्यांना शाळेच्या बँडसाठी याचा उपयोग होईल. आणि ज्यांच्या घरी हाताने काम करण्याची आवड असलेला मुलगा आहे त्यांना कदाचित त्याहून जास्त.

प्रथम हे वाद्य म्हणजे काय ते पाहू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. वाद्यांसाठी साधारणपणे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असे प्रमाण असते. त्याच्या पातळ पत्र्याची नळी करून ती गुंडाळली की झाले वाद्य. ट्रंपेट उलगडून सरळ केला तर जवळजवळ पाच फूट भरेल, युफोनियम सुमारे नऊ फूट. पत्र्याची जाडी भोंग्यापाशी जेमतेम अर्धा मिलिमीटर. आपल्या घरच्या पितळी घागरीशी याची तुलनाच होऊ शकत नाही. वाजविणारा ओठ थरथरवितो, आणि त्या थरथरण्याने नळीतील हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. आवाज करते ती हवा, पितळ नव्हे. पितळेचे काम एवढेच की त्या हवेला नेमक्या आकारात धरून ठेवावयाचे, आणि कोठूनही बाहेर सांडू द्यावयाचे नाही. सगळी दुरुस्ती या एका वाक्यावर उभी आहे.

आपली तुतारी घ्या. तिला एकही कळ नाही. ओठांच्या ताणावर जे चार-सहा स्वर निघतील तेवढेच तिचे. बँडच्या वाद्यांना मात्र पिस्टन असतात. १८१४ च्या सुमारास जर्मनीत स्टॉल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी ही युक्ती काढली आणि १८३० च्या दशकात पॅरिसच्या पेरिने नावाच्या कारागिराने तिला आजचे रूप दिले. पिस्टन दाबला की हवा जादा नळीतून वळसा घेऊन जाते. नळी लांबली की सूर उतरतो. दुसऱ्या पिस्टनने अर्धा स्वर, पहिल्याने एक, तिसऱ्याने दीड. मोटेचे पाणी एका पाटातून दुसऱ्या पाटात वळवावे तसेच हे. पण येथे पाट वळविणारा पिस्टन आपल्या घरात इतका नेमका बसलेला असतो की दोहोंमधील फट माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही वाद्ये येतात कोठून? आपल्याकडील बहुतेक बँडवाल्यांची वाद्ये उत्तर प्रदेशातील मेरठहून येतात. तेथे जली कोठी नावाचा भागच या धंद्याचा आहे, आणि १८८५ साली स्थापन झालेली नादिर अली आणि कंपनी तेथलीच. इंग्रजी लष्कराचे बँड छावण्यांत वाजू लागले, त्यांचे पाहून संस्थानिकांनी बँड ठेवले, आणि तेथून ते लग्नाच्या मांडवात आले. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील ग्रेगरी बूथ या संगीत-अभ्यासकाने आपल्या लग्नातील बँडवर 'ब्रास बाजा' नावाचे आखे पुस्तक लिहिले, ते २००५ साली प्रसिद्ध झाले. परदेशच्या माणसाने एवढे कष्ट घ्यावेत आणि आपण मांडवात कानांवर हात ठेवावेत, ही थोडी गमतीचीच गोष्ट आहे. असो. सांगावयाचे ते असे की मेरठ दूर आहे आणि दुरुस्तीसाठी वाद्य तिकडे पाठविणे सोनाळ्याच्या गड्याला परवडत नाही. वास्तविक पितळेची जाण आपल्या मुलखात कमी नाही. पुण्याची तांबट आळी आहे, विदर्भात भंडारा तर पितळी भांड्यांचे गाव म्हणून नावाजलेले आहे, आणि गावोगावचे कासार आहेतच. पण भांडे आणि वाद्य यांत एक मोठे अंतर आहे, तेच आधी सांगतो.

तांबट हंड्याला मठारतो ते पाहिले आहे ना? लाकडी किंवा लोखंडी हातोड्याने एकेक ठोका शेजारी शेजारी देत जातो. त्याने भांड्याला चकाकी येते आणि पत्रा कणखर होतो. पितळेचा गुणच असा आहे की ठोकले, वाकविले, ताणले की ते कडक होते, आणि फार झाले की तडकते. उलट ते मंद लाल होईपर्यंत तापविले की पुन्हा मऊ पडते. भांडी करणारा या दोन्ही गुणांचा उपयोग करून घेतो. वाद्य दुरुस्त करणाऱ्याला मात्र दोहोंची भीती बाळगावी लागते. त्याने पोच्यावर हातोडा घातला तर पत्रा तेथे पातळ होऊन पसरतो, आणि पसरलेला पत्रा पुन्हा आत शिरत नाही. एका पोच्याच्या जागी पन्नास बारीक डोळे पडतात. जाळ लावला तर कडक केलेला भोंगा मऊ होतो आणि पुढे बोटाच्या धक्क्यानेही चेपतो. आमच्या त्या भांडी सांधणाऱ्याचे असेच झाले. तो अडाणी होता असे नव्हे. घागरीला जे बरोबर तेच त्याने येथे केले.

मग पोचा काढावयाचा कसा? भोंग्याच्या रुंद तोंडातला पोचा असेल तर गोल, गुळगुळीत डोक्याचा जाड लोखंडी दांडा व्हाइसमध्ये आडवा धरतात, भोंगा त्यावर बसवितात, तेलाचे बोट फिरवितात आणि बाहेरून तशाच गुळगुळीत पोलादी कांडीने दाबून दाबून घासतात. ठोकत नाहीत, घासतात. चपाती लाटावी तसे कडेकडून मध्याकडे यावयाचे. घाई केली की सुरकुती पडते. नळीच्या आतला पोचा असेल तर नळीच्या आतल्या मापाहून किंचित लहान अशी पोलादी गोळी आत सोडतात आणि लवचीक दांड्याने ती पोच्याखाली ढकलतात. मग त्याहून किंचित मोठी, मग त्याहून मोठी. आमच्या दुरुस्तीवाल्याने मोडीत निघालेल्या ट्रकच्या आणि सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे मापानुसार डब्यांत लावून ठेवले होते. मी म्हटले, "एवढे छर्रे कशाला?" तर म्हणाला, "सर, पोचा एकाच घासात खात नाही जी, घास घास खा लागते." अलीकडे फार ताकदीचे लोहचुंबक मिळतात. १९८० च्या दशकात निघालेल्या निओडिमियम या जातीचा चुंबक नळीच्या बाहेरून फिरविला की आतला छर्रा त्याला चिकटून पोच्याला आतून दाबतो. ज्या वळणात दांडा जात नाही तेथे हा चुंबक म्हणजे देवच. पण त्यात बोट सापडले तर मात्र चेंगरून निघते, मुलांच्या हाती देऊ नये.

पण थांबा. पोच्याची गोष्ट मी आधी सांगितली, कारण गिऱ्हाईक आधी तीच सांगते. कामाच्या हिशेबाने पोचा फार मागे येतो. गिऱ्हाईक म्हणते, चकाकी आणा, पोचे काढा, मग बाकीचे पाहू. जाणता कारागीर उलटा जातो: आधी हवा कोठून जाते ते शोधा, मग पिस्टन, मग सरकत्या नळ्या, मग पोचे, आणि चकाकी अगदी शेवटी, पैसे उरले तर. भोंग्याच्या कडेचा पोचा दिसावयाला वाईट, पण आवाजाला त्याची फारशी बाधा नसते. माउथपीसजवळच्या अरुंद नळीतला हरभऱ्याएवढा पोचा मात्र सगळे वाद्य बेसूर करू शकतो, कारण तेथे नळीचे अंगच अर्धा इंचाहून कमी रुंद. हरभऱ्याएवढ्याने तिची वाट अडते. कोणता स्वर चढेल आणि कोणता उतरेल हे पोचा नळीच्या कोणत्या ठिकाणी आहे त्यावर ठरते.

हवा शोधण्याची युक्ती आपल्याला शिकवावी लागणार नाही. सायकलचे पंक्चर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ट्रंपेटच्या भोंग्यात रबरी चेंडू घट्ट बसवावा, वाद्य घंगाळातल्या पाण्यात बुडवावे आणि माउथपीसच्या बाजूने रबरी नळीतून फुंकावे. बुडबुडे येतील तेथे दुखणे. युफोनियम घंगाळात मावत नाही. त्याच्या सांध्यांना साबणाचा फेस लावावा. पिस्टन झिजले आहेत की नाही हे कळण्याला याहून सोपी रीत आहे. पिस्टन न दाबता त्याच्या बाजूची सरकती नळी झटक्याने बाहेर ओढा. बाटलीचे बूच निघावे तसा 'टप्' आवाज आला तर पिस्टन शाबूत आहे. काहीच आवाज झाला नाही तर हवा पिस्टनच्या कडेने पळते आहे. शिक्षकांनी शाळेच्या कपाटातली वाद्ये काढून ही परीक्षा एकदा करून पाहावी. आपल्याकडे शाळेच्या बँडची आठवण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होते, आणि २६ जानेवारीच्या आत दुरुस्ती होत नाही. म्हणून ही परीक्षा दिवाळीपूर्वीच करावी हे बरे.

आणि या परीक्षेत पुष्कळदा काय निघते माहीत आहे? पाणी काढण्याची चावी. वाजविताना नळीत ओलावा साचतो, तो काढून टाकण्यासाठी एक छोटीशी स्प्रिंगची झडप असते आणि तिच्या खाली बुचाचा चिमुकला तुकडा असतो. तो तुकडा वाळून गळून पडला की निम्मे वाद्य मुके होते. औषधाच्या दुकानातल्या बाटलीचे बूच मिळाले तरी ते धारदार पात्याने मापाने कापून चिकटवता येते. दहा मिनिटांचे काम! या दहा मिनिटांच्या कामापायी वाद्य भंगारात गेलेले मी पाहिले आहे.

पिस्टनची गोष्ट नाजूक आहे. मघाशी केसाची उपमा दिली ती आठवा. पिस्टन अडकू लागला की आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे पॉलिशपेपर, किंवा राख. कृपा करून हे करू नका. घासून पिस्टन मोकळा होतो खरा, पण कायमचाच मोकळा होतो. फट वाढते, हवा पळते आणि त्याला फिरून जाड करण्यासाठी मुलामा चढवावा लागतो, जे काम खेड्यात होत नाही. बहुतेक वेळा पिस्टन अडकतो तो मळाने. तिन्ही पिस्टन काढावेत, त्यांवर कोरलेले १, २, ३ हे आकडे पाहून ठेवावेत, कारण एकाच्या घरात दुसरा बसत नाही. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ फडके यांनी पिस्टन आणि त्यांची घरे धुवावीत. उकळते पाणी नको, त्याने वरचा पारदर्शक लेप निघतो. मग तेलाचे दोन थेंब.

तेलावरून आठवले. आमच्या भागात पिस्टनला खोबरेल घालण्याची फार चाल आहे. घरात असते, वासही चांगला येतो. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठू लागते. वैशाखात ते ठीक चालते. मार्गशीर्षात पहाटे वरात निघाली की पिस्टन जागच्या जागी बसून राहतात, आणि वाजविणारा ते तोंडाजवळ धरून फुंकरीने गरम करीत बसतो. शिवणयंत्राला घालतात ते पातळ तेल वापरले तर हा प्रसंग येत नाही. वाद्याचे खास तेल मिळाले तर उत्तमच.

सांधे झाळण्याचे तंत्र मात्र शिकूनच करावे लागते. वाद्याचे सांधे कथील आणि शिसे यांच्या डाखाने जोडलेले असतात. हा डाख १८३ अंशांना वितळू लागतो. पितळ वितळावयाला ९०० अंशांच्या वर जावे लागते. म्हणजे अंतर पुष्कळ आहे, आणि खरी कसोटी ही की डाख वितळेल एवढीच उष्णता द्यावयाची, एक अंशही उगाच जास्त नाही. सांधा आधी इतका स्वच्छ करावा की पितळ नव्यासारखे पिवळे दिसले पाहिजे. मळकट पितळेला डाख धरतच नाही. शेजारच्या सांध्यांवर ओली चिंधी गुंडाळावी म्हणजे ते सुटत नाहीत. ज्योत लहान ठेवून सतत हलवीत राहावे आणि डाख ज्योतीने नव्हे तर तापलेल्या पितळेने वितळू द्यावा. एवढी एक ओली चिंधी आमच्या युफोनियमवर पहिल्या वेळी असती तर तिघे सांधे वाचले असते.

येथे आणखी एक धोका आहे. कल्हईवाल्यांकडून पाहून पुष्कळ जण झाळताना नवसागर वापरतात. नवसागर मळ कापतो हे खरे, पण काम झाल्यावर तो कोमट पाण्याने अगदी निपटून धुवावा लागतो. का, ते इतिहासातल्या एका प्रसंगावरून कळेल. इंग्रजी अमलात फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवून ठेवीत. पावसाळा संपून ती बाहेर काढली की पितळी पुंगळ्यांना चिरा पडलेल्या दिसत. कोणी हात लावला नाही, पाणी लागले नाही, मग चिरा कशाच्या? लोकांनी त्याला 'ऋतूची चीर' असेच नाव देऊन टाकले. पुढे १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या शास्त्रज्ञांनी त्याचे कारण दाखवून दिले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया वायू दमट हवेत पितळेवर बसत होता, आणि घडविताना ज्या पितळेत ताण राहून गेला होता ते पितळ तेथे तडकत होते. आता नवसागरात अमोनियाच असतो. आणि दुसरी गोष्ट आपल्या घरची. बँडची वाद्ये पावसाळ्यात कोठे टांगलेली असतात? पुष्कळदा गोठ्याच्या आढ्याला. खाली गाई-म्हशी बांधलेल्या, हवा दमट, आणि वर वाकवून, ताणून, ठोकून घडविलेले पातळ पितळ. दिवाळीत वाद्य उतरवावे तो वळणाशी केसासारखी चीर. मग मालक म्हणतो गड्याने पाडले, गडी म्हणतो मी हात लावला नाही. आणि गड्याचे म्हणणे खरे असू शकते. वाद्य घरात, कोरड्या जागी, फडक्यात गुंडाळून ठेवावे. जागा नसेल तर माळ्यावर ठेवावे, पण गोठ्यात नको.

काही दुखणी बरी होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. थुंकीच्या ओलाव्याने वर्षानुवर्षे आतून पितळेतले जस्त खाल्ले जाते आणि नुसते ठिसूळ तांबे उरते. बाहेर गुलाबी-तांबूस ठिपका दिसतो आणि मध्ये काळा बिंदू. असा ठिपका घासून जात नाही, कारण तो वरचा डाग नसून आतला रोग वर आलेला असतो. वर पितळेचे ठिगळ झाळून एक-दोन हंगाम काढता येतात. नळीभर असे ठिपके असतील तर ती नळीच बदलावी लागते, आणि जुन्या स्वस्त वाद्याला तो खर्च करू नये असे सांगणे हेच खरे काम. माउथपीस अडकला तर पक्कडीने पिरगाळू नये. पुढची नळीच पिळून निघते. तो काढण्याचा स्क्रूचा साधा ओढा असतो, दुरुस्तीवाल्याकडे तो असलाच पाहिजे.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे पैशाकडे येतो. दुरुस्ती पैसे घेऊन करावयाची म्हटली की हातातल्या कसबाइतकेच तोंडातल्या शब्दाला महत्त्व येते. आमच्या त्या दुरुस्तीवाल्याची पद्धत मला फार आवडली. वाद्य हाती घेताच त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "वाद्य तुमचं का मालकाचं?" कारण मालकाचे असेल तर खर्चाला मालकाची संमती हवी, नाही तर उद्या मालक म्हणेल मी सांगितलेच नव्हते, आणि गडी दोन्हीकडून भरडला जाईल. त्याने तिथूनच मालकाला फोन लावावयास सांगितले. मग मोबाइलवर वाद्याची चहूबाजूंनी छायाचित्रे घेतली, आधीचे पोचे वहीत लिहिले, चिठ्ठी बांधली.

मग हिशेब. आकडे मी समजण्यापुरते धरतो, बाजारभाव म्हणून नव्हे. समजा रोजची मजुरी ६०० रुपये आणि काम दोन दिवसांचे. झाले १,२०० रुपये. गॅस, डाख, बूच, तेल यांचे २०० रुपये, जागा आणि हत्यारांची झीज १०० रुपये. एकूण १,५०० रुपये. गड्याजवळ आहेत ५००. आता काय करावयाचे? पुष्कळ कारागीर दयेपोटी किंवा गिऱ्हाईक जाईल या भीतीने तेच काम ८०० रुपयांना कबूल करतात, मग जीव लावून करीत नाहीत, आणि शेवटी दोघेही नाराज. या माणसाने दर कमी केला नाही. काम कमी केले. म्हणाला, "तीन सांधे झाळून देतो, बूच बदलतो, पिस्टन धुतो. अर्ध्या दिवसाचं काम. पोचे राहू द्या, भोंग्याच्या पोच्यानं आवाज अडत नाही. हंगामात पैसे आले का मग या." अर्ध्या दिवसाचे ३००, सामानाचे १०० आणि झिजेचे २५; म्हणजे ४२५ रुपयांत वाद्य वाजू लागते. अर्थशास्त्राच्या वर्गात किंमत आणि मूल्य यांतला फरक मी तासभर फळ्यावर समजावतो, तो या माणसाने एका वाक्यात उरकला, याची मला थोडी लाजही वाटली.

या धंद्याची एक अडचण आहे, ती लपवीत नाही. वाद्ये दुरुस्त व्हावयाची ती आषाढ ते कार्तिक, जेव्हा लग्ने नसतात. पण नेमका त्याच वेळी वाजविणाऱ्याच्या खिशात पैसा नसतो. हंगामात पैसा असतो तेव्हा वाद्य दुरुस्तीला देण्यास एक दिवसाचीही फुरसत नसते. म्हणून हा धंदा उधारीवर चालतो, आणि उधारी नीट लिहून न ठेवल्यास उधारीतच बुडतो. त्यात आता डीजेने पुष्कळ सुपाऱ्या खाल्ल्या आहेत. केवळ वाद्यांच्या दुरुस्तीवर एखाद्या गावात कुटुंब चालेल असे मी म्हणणार नाही. पण भांडी, पंपाचे पितळी भाग, देवळातल्या समया, तुतारी आणि बँडची वाद्ये असे मिळून एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी एका कारागिराचे पोट भरू शकते. ज्या मुलाने हे शिकावयाचे त्याने आधी मोडीतल्या दोन-चार ट्रंपेटवर हात बसवावा. गिऱ्हाइकाच्या वाद्यावर शिकू नये.

आणि एक गोष्ट त्याच्या आईबापांसाठी. डाखातले शिसे अंगात गेले की लवकर बाहेर निघत नाही, आणि लहान मुलांना त्याचा त्रास सर्वांत जास्त. झाळण्याचे काम चुलीजवळ, माजघरात करू नये; उघड्यावर करावे. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नयेत, आणि काम करताना विडी-तंबाखू तोंडात धरू नये. बिनशिशाचा डाखही मिळतो. तो सुमारे २२० अंशांना वितळतो, म्हणजे थोडा अवघड, पण हात बसला की चालतो. वाद्य कामाला घेण्याआधी आतून साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावे. दुसऱ्याच्या थुंकीने भरलेली नळी तोंडाला लावून फुंकणे हा शहाणपणा नाही.

तर आमचे युफोनियम. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आम्हांला मिळाले. मालकाने फोनवर निम्मा खर्च कबूल केला होता, त्यामुळे पोचेही निघाले होते. फक्त चाकाखाली आलेल्या कडेची एक रेघ राहिली होती, ती जात नाही म्हणून दुरुस्तीवाल्याने आधीच सांगितले होते. गड्याने वाद्य मांडीवर घेतले, तिन्ही पिस्टन दोन-तीनदा दाबून पाहिले, ओठ ओले केले आणि सर्वांत खालचा स्वर धरला. दुकानातल्या कपाटाची काच थरथरली. दुरुस्तीवाला काही बोलला नाही. कान देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "आता दुसरा पिस्टन दाबून धरा." त्याने धरला. "सोडा." त्याने सोडला. दुरुस्तीवाल्याने मान हलविली, वहीत तारीख टाकली आणि बाकीचे पैसे कधी देणार ते विचारले.